एड्सचं सरकारी धोरण कसं बदललं, आणि कोणाच्या रेट्यानं

प्रश्न नागपुरात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती विचारते: "पुस्तकात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे टप्पे १ ते ५ असा तक्ता दिलाय. तो पाठ होतो, पण सरकार एका टप्प्यातून दुसऱ्यात का गेलं ते काही कळत नाही. आणि आता पोस्टर, जाहिराती काहीच दिसत नाहीत. म्हणजे एड्स संपत आला असं समजायचं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देते. नाही, संपलेला नाही. देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगताहेत. २०२१ च्या अंदाजात एकट्या महाराष्ट्रात ती चार लाखांच्या जवळपास होती, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. पोस्टर दिसत नाहीत, कारण कार्यक्रमाचा जोर भिंतीवरून गोळीच्या डब्बीवर गेला. २०१० च्या तुलनेत एड्सनं होणारे मृत्यू तीन चतुर्थांशाहून जास्त घटले. नवीन लागण मात्र तितकी घटली नाही, साधारण निम्म्याच्या आसपासच खाली आली. या दोन आकड्यांतलं अंतर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पहिला प्रश्न. तक्ता फाडून टाकू नका, परीक्षेत येतो. पण तो कागदपत्रांचा इतिहास आहे. मी नागपुरात समुपदेशक म्हणून सुरुवात केली, पुढे जिल्हा पातळीवर कार्यक्रमाचं काम पाहिलं. तिथून मला दिसलेली गोष्ट अशी की धोरणाला वळण मिळालं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: औषध स्वस्त झालं म्हणून, किंवा बाधित माणसं एकत्र येऊन कोर्टात आणि कचेरीत उभी राहिली म्हणून. अधिकाऱ्यांचं, डॉक्टरांचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मन त्यानंतर बदललं, आणि काही ठिकाणी अजून बदलायचंय.

सुरुवातीला धोरण होतं ते शोधा आणि वेगळं काढा, एवढंच. अमेरिकेत जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या बायकांचे रक्तनमुने गोळा केले. चेन्नईत तपासणीची सोय नव्हती म्हणून ते वेल्लोरला नेले, आणि तिथे पहिले पॉझिटिव्ह निकाल आले. झालं, हा "त्यांचा" आजार ठरला. परदेशी विद्यार्थ्यांची तपासणी सुरू झाली. गोव्यात तर सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधितांना सक्तीनं वेगळं ठेवायची तरतूद झाली. डॉमिनिक डिसूझा हा तरुण रक्तदाता. १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी नेलं आणि क्षयरोगाच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तर न्यायालयानं वेगळं ठेवायची तरतूद वैधच ठरवली. म्हणजे न्यायालयं पहिल्यापासून बाधितांच्या बाजूनं होती असं कोणी शिकवत असेल तर त्याला हा निकाल दाखवा.

त्याच वर्षी केंद्र सरकारनं एड्स प्रतिबंधक विधेयक आणलं. सक्तीची तपासणी, बाधितांची नावं सरकारला कळवणं, अलगीकरण, सगळं त्यात होतं. विरोध झाला, आणि १९९२ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

हा विचार मुळात चुकला कुठे, ते समजून घ्या. आपले साथीचे कायदे प्लेग आणि कॉलऱ्यासाठी घडले. त्या आजारांत माणूस काही दिवस-आठवडे संसर्गजन्य असतो. त्याला वेगळं ठेवलं, तो बरा झाला किंवा गेला, विषय संपला. एचआयव्ही शरीरात आठ-दहा वर्षं काही लक्षण न दाखवता राहतो. ज्याला आज पकडलं तो इतकी वर्षं गावातच होता, आणि त्याला डांबायचं तर जन्मभर डांबावं लागेल. शिवाय तपासणीचा निकाल म्हणजे कोठडी असेल, तर तपासणीला कोण येईल? लागण झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणीत ती दिसतही नाही, त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. म्हणजे सक्तीनं तपासलेला "निगेटिव्ह" माणूस खात्रीचा असेलच असं नाही. सक्ती अन्यायकारक तर होतीच, पण साथ आटोक्यात आणायच्या हिशेबातही ती बसत नव्हती.

१९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली आणि जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलर कर्जातून पहिला टप्पा सुरू झाला. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रक्तपेढ्या सुधारल्या, आणि कवटी-हाडांची पोस्टरं लागली. "एड्स म्हणजे मृत्यू" हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं की औषध आल्यावर तेच डोक्यातून काढणं हे आमच्या कामाचं निम्मं ओझं झालं. आजही गावाकडून आलेला माणूस रिपोर्ट ऐकल्यावर पहिलं विचारतो, "मॅडम, किती दिवस हाये माह्याजवळ?" तो प्रश्न त्या पोस्टरांचा आहे.

दुसरा टप्पा १९९९ चा. त्याआधीच्या वर्षी राज्यात एड्स नियंत्रण सोसायटी झाल्या, महाराष्ट्राची वेगळी आणि मुंबईची वेगळी. इथून "टीआय" हा शब्द आला, टार्गेटेड इंटरव्हेन्शन. सगळ्या जनतेला सारखं ओरडून सांगण्यापेक्षा, जिथे लागण जास्त आहे तिथे जाऊन काम करायचं. ही कल्पना दिल्लीतल्या टेबलावर सुचलेली नाही. कोलकात्यात सोनागाची या देहविक्रीच्या वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून तिथल्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं होतं. आपल्याकडे सांगलीत मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेनं तेच केलं, आणि तिथून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. बायका आधी पुढे गेल्या, सरकारनं नंतर त्याचं परिपत्रक काढलं.

नागपुरात याचा अर्थ काय, ते सांगते, कारण तुमचं फील्डवर्क इथेच होणार. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे देशाचे दोन मोठे रस्ते, आजचे राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३, नागपुरात एकमेकांना छेदतात. वाडी, कापसी या पट्ट्यात गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कार्यालयं. ट्रक रिकामा झाला की परतीचा माल मिळेपर्यंत ड्रायव्हर आणि क्लिनर दिवस-दिवस पडून असतात. दुसरीकडे इतवारीजवळची गंगा-जमुना ही देहविक्रीची जुनी वस्ती. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत बाहेरून आलेले कामगार. कार्यक्रमाच्या भाषेत या वस्तीतल्या बायका म्हणजे कोअर ग्रुप, ड्रायव्हर आणि स्थलांतरित मजूर म्हणजे ब्रिज पॉप्युलेशन: ते जिथून जातात आणि जिथे घरी परततात, त्या दोन्हीमधला पूल.

टीआयचं काम दिसायला फार साधं. प्रत्येक बाईचं नाव लाइन लिस्टवर (नोंदणीच्या यादीवर), तिच्याच गल्लीतली पिअर एज्युकेटर, म्हणजे त्यांच्यातलीच एक कार्यकर्ती, तिच्याकडून आठवड्याला कंडोम, ठरावीक मुदतीनं गुप्तरोगाची तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. पण खरं काम त्या पिअरच्या अंगावर. एखाद्या गिऱ्हाइकानं कंडोमला नकार दिल्यावर काय म्हणायचं, घरवालीला (कुंटणखाना चालवणारीला) कसं पटवायचं, नवीन आलेली मुलगी अल्पवयीन वाटते तर कोणाला कळवायचं, पोलीस आले तर कोणत्या वकिलाला फोन करायचा, हे तिला ठाऊक. मी किंवा कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं तिथे चाललं नसतं. कंडोमपेक्षा रेशनकार्ड आणि मुलांचा शाळाप्रवेश यांचीच मागणी आमच्याकडे जास्त यायची. ज्या संस्थेनं ती कामं केली तिच्या बायका तपासणीला आल्या, जिनं फक्त कंडोमचे आकडे भरले तिच्या आल्या नाहीत. हे कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नाही, पण टीआय चालतो की बुडतो ते यावर ठरतं.

आणि एक विसंगती पहिल्या दिवसापासून होती. आरोग्य खातं कंडोम वाटायचं, आणि पोलीस तोच कंडोम धंद्याचा पुरावा म्हणून जप्त करायचे. एकाच सरकारचे दोन हात. हा पुरावा मानू नये अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाकडून यायला मे २०२२ उजाडलं.

आता सगळ्यात मोठं वळण. तुमच्या तक्त्यात ते एका ओळीत आहे: "१ एप्रिल २००४, मोफत एआरटी सुरू." एआरटी म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार. त्या ओळीमागे काय आहे ते पाहा.

तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो हे १९९६ पासून माहीत होतं. पण वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर. त्यामुळे जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांचा सल्ला असा की गरीब देशांनी प्रतिबंधावरच पैसा लावावा, उपचाराचं स्वप्न पाहू नये. मग फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तेच तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केलं. ते शक्य झालं, कारण आपला १९७० चा पेटंट कायदा औषधाच्या प्रक्रियेवर पेटंट द्यायचा, औषधावर नाही. म्हणजे औद्योगिक धोरणातला एक जुना निर्णय आफ्रिकेतल्या आणि आपल्या लाखो माणसांच्या कामी आला. गंमत म्हणजे (कडू गंमत) तेव्हा भारतीय कंपन्या बाहेरच्या देशांना औषध पुरवत होत्या आणि इथल्या सरकारी दवाखान्यात ते नव्हतं. बाधितांच्या संघटनांनी हाच प्रश्न लावून धरला, आणि सहा जास्त प्रादुर्भावाची राज्यं आणि दिल्ली मिळून आठ रुग्णालयांत मोफत गोळ्या सुरू झाल्या. महाराष्ट्रात मुंबईचं जे. जे. रुग्णालय, म्हणजे आपल्या माणसाला गोंदिया-भंडाऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची. पुढे नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) एआरटी केंद्र आलं तेव्हा विदर्भाला आणि शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटलाही श्वास मिळाला.

त्याआधी समुपदेशनाच्या टेबलावर आम्ही काय देत होतो? चांगलं खा, टीबी तपासून घ्या, इतर संसर्ग टाळायला कोट्रिमॉक्साझोलची गोळी घ्या. ज्यांच्याकडे थोडी शेती होती त्यांनी एकर-दोन एकर विकून खासगीत काही महिने औषध घेतलं, पैसे संपले की थांबवलं. अर्धवट औषधानं विषाणू पक्का होतो, हे सांगायलाही जीव व्हायचा नाही. मोफत गोळी आली आणि तपासणीला अर्थ आला. तोवर "तपासून करू काय?" या प्रश्नाला आमच्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हतं. तपासणीचे आकडे त्यानंतर वाढले, त्याचं श्रेय जाहिरातींना देणाऱ्या अहवालांवर मी विश्वास ठेवत नाही.

पण गोळी मिळायला अट होती: सीडी४ पेशी (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, विषाणू त्याच मारतो) २०० च्या खाली हव्यात. मग ती ३५० झाली, मग ५००. कागदावर शास्त्रीय वाटतं. टेबलावर त्याचा अर्थ असा की चारशे दहा सीडी४ असलेल्या धडधाकट माणसाला सांगायचं, "तुम्ही पॉझिटिव्ह आहात, पण अजून पुरेसे आजारी नाही. सहा महिन्यांनी या." तो येत नसे. का येईल? येई तो तीन वर्षांनी, टीबी घेऊन, स्ट्रेचरवर. या "प्री-एआरटी" यादीतून, म्हणजे गोळीची वाट पाहणाऱ्यांतून, किती माणसं हातची गेली याचा हिशेब कोणत्याही उत्सवी अहवालात ठळकपणे येत नाही. ती अट परवडत नाही म्हणून होती, आणि आम्हाला ती वैद्यकीय कारण म्हणून सांगायला लावली. माझा त्यावर आजही राग आहे.

अट गेली ती २८ एप्रिल २०१७ ला. "ट्रीट ऑल", पॉझिटिव्ह आला की गोळी. दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. औषधं आणखी स्वस्त आणि सुसह्य झाली होती. सुरुवातीच्या स्टॅव्ह्युडिन या औषधानं गाल बसायचे, हातापायांची चरबी उतरायची, गावात लोक चेहरा पाहून ओळखायचे. त्याजागी टेनोफोव्हिरची दिवसाला एक गोळी आली, आणि २०२० नंतर डोल्युटेग्रॅव्हिर असलेली. दुसरी गोष्ट, २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या अभ्यासानं दाखवलं की लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होण्याची शक्यता ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या अभ्यासांनी ते आणखी पक्कं केलं: रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध झाला. इतकी वर्षं "प्रतिबंध की उपचार" म्हणून जी ओढाताण चालली होती, ती एका अभ्यासानं निकालात काढली. २०१८ पासून व्हायरल लोडची नियमित चाचणीही सरकारी केंद्रात आली.

आणि तरी ही बातमी, की गोळी नियमित घेणारा माणूस जोडीदाराला लागण देत नाही, बाधितांना सांगितली जात नाही! अनेक डॉक्टर म्हणतात, सांगितलं तर कंडोम सोडतील. माझं मत उलट आहे. डब्बी वाजू नये म्हणून गोळ्या कागदात बांधून नेणारा, ग्रीन बुक (उपचाराची नोंदवही) घराबाहेर ठेवणारा माणूस गोळी सोडतो तो लाजेपायी. "तुझ्यापासून आता तुझ्या बायकोला धोका नाही" हे वाक्य त्याला गोळीशी जितकं बांधून ठेवतं तितकं दुसरं काही नाही.

मध्ये आकड्यांचा एक किस्सा आहे, थोडक्यात सांगते. २००५ पर्यंत देशात ५२ लाख बाधित आहेत असा सरकारी अंदाज होता, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा तर ५७ लाखांचा. तो मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या नमुन्यांवर काढलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त घराघरांतून तपासलं, आणि जुलै २००७ मध्ये आकडा २५ लाखांवर आला. एका रात्रीत निम्मा. काहींनी त्याला कार्यक्रमाचं यश म्हटलं, काहींनी आधीची फसवणूक. दोन्ही चूक. मोजायची जागा बदलली, एवढंच. पण त्यानं तिसऱ्या टप्प्याला जिल्हावार विचार करायला लावलं.

गरोदर बायकांचं धोरण हा वेगळाच धडा आहे. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. नेव्हिरापिनची एक गोळी आईला कळा सुरू झाल्यावर आणि एक डोस बाळाला, असं पहिलं धोरण होतं. बाळं वाचली. पण आईला त्या एका गोळीपलीकडे काही नाही, उलट त्या एका डोसनं तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला निर्ढावायचा आणि पुढच्या तिच्याच उपचारात अडचण यायची. बाई म्हणजे बाळाकडे जायचा रस्ता, असा तो विचार. १ जानेवारी २०१४ पासून बदल झाला: गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की सीडी४ कितीही असो, तिला तीन औषधं, आणि जन्मभर. आज नागपूरच्या डागा किंवा मेयो रुग्णालयात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची चाचणी होते, आणि वेळेवर औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येतं. नागपूरच्या मुली बाळंतपणाला माहेरी जातात आणि उपचाराचं नाव सासरच्या जिल्ह्यात राहतं. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या चाचण्या नेमक्या तिथेच चुकतात. फील्डवर्कला हा विषय घ्या, खूप सापडेल.

कायद्याकडे येते. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एका कामगाराच्या बाजूनं निकाल दिला: एचआयव्ही आहे पण काम करू शकतो, तर नोकरी नाकारता येणार नाही. त्याला टोपणनावानं खटला चालवायची मुभाही मिळाली, ती नसती तर तो आलाच नसता. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं उलट टोक गाठलं: एका रुग्णालयानं माणसाची स्थिती उघड केली, त्याचं लग्न मोडलं, त्यानं दाद मागितली, तर न्यायालय म्हणालं बाधिताचा लग्नाचा हक्कच स्थगित आहे. ते मत २००२ मध्ये मागे घेतलं गेलं. समलैंगिक संबंधांच्या कलम ३७७ ची लढाईसुद्धा मुळात एड्सच्या कामातून उभी राहिली. नाझ फाउंडेशननं २००१ मध्ये दिल्लीत याचिका केली ती यासाठी की ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं ते कायद्याच्या भीतीनं लपून बसतात, आणि काम करणारे कार्यकर्तेच पकडले जातात. दिल्ली उच्च न्यायालयात २००९ ला जिंकले, सर्वोच्च न्यायालयात २०१३ ला हरले, ६ सप्टेंबर २०१८ ला अखेर सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम मोडीत निघालं.

त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ ला, एचआयव्ही-एड्सचा कायदा लागू झाला. संसदेनं तो २०१७ मध्ये मंजूर केला होता. १९८९ चं विधेयक आणि हा कायदा शेजारी ठेवून वाचा, सगळा प्रवास दिसेल. तिथे नाव कळवायची सक्ती होती, इथे नाव फोडायला मनाई आहे. तिथे सक्तीची तपासणी, इथे समजून-उमजून दिलेली संमती. नोकरी, शाळा, भाड्याचं घर, विमा, दवाखाना, कुठेही भेदभाव करता येत नाही, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल (ओम्बड्समन) हवा. एक मेख मात्र आहे. उपचार देणं ही सरकारची जबाबदारी "शक्य तितक्या प्रमाणात" असं कायद्यात लिहिलंय. बाधितांच्या संघटनांनी हे तीन शब्द काढा म्हणून आंदोलन केलं, ते राहिलेच. औषधांचा साठा संपतो तेव्हा त्या शब्दांची किंमत कळते.

आणि कायदा झाला म्हणून वॉर्डात सगळं सुधारलं असं समजू नका. शहरातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये बाधित बाईच्या केसपेपरवर लाल शाईनं मोठ्ठी अक्षरं लिहिलेली मी कायद्यानंतरही पाहिली आहेत. प्रत्येक रुग्णाचं रक्त बाधित समजूनच हातमोजे, सुया हाताळायच्या असतात. ते केलं तर लाल शाईची गरजच उरत नाही. सवलतींचंही तसंच. एसटीत बाधितांना मोफत प्रवास आहे, पण त्यासाठी कंडक्टरला कार्ड दाखवायचं. आपल्याच तालुक्याच्या गाडीत, गावचा माणूस शेजारी बसलेला असताना. बरेच जण तिकीट काढतात.

रक्ताबद्दल बोलायलाच हवं, कारण नागपूरला ती जखम ताजी आहे. १९८९ पासून रक्ताची एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. धोरणातला हा सर्वांत यशस्वी भाग मानला जातो. तरीही मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं रक्त घेतल्यानंतर एचआयव्ही बाधित आढळल्याची बातमी आली, त्यातलं एक मूल दगावलं, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं दखल घेतली. इथे तो विंडो पिरियड पुन्हा येतो. नेहमीची एलिसा चाचणी प्रतिपिंड शोधते, ते तयार व्हायला वेळ लागतो. नॅट चाचणी विषाणूच शोधते, तिचा आंधळा काळ दिवसांचा. पण ती महाग, आणि देशभरात बंधनकारक नाही. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. महिन्याला रक्त लागणाऱ्या मुलासाठी लहानशी शक्यता वर्षानुवर्षं साठत जाते. नागपूरपुरतं धोरण ठरवायचं असतं तर मी पहिला पैसा इथे टाकला असता.

पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ चा, १५,४७१.९४ कोटींचा, पूर्णपणे केंद्र सरकारच्या पैशानं. परदेशी मदत आटली तरी आपला कार्यक्रम कोसळत नाही, तो यामुळे. भाषा ९५-९५-९५ ची: ९५ टक्के बाधितांना स्वतःची स्थिती माहीत हवी, त्यातल्या ९५ टक्के उपचारावर, त्यातल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला. चांगलं आहे. पण हे तिन्ही आकडे दवाखान्यात आलेल्या माणसाचे आहेत. सुरुवातीला दोन आकड्यांतलं अंतर म्हटलं ते इथे पाहा: मृत्यू गोळीनं घटले, नवीन लागण मात्र गल्लीतल्या कामानं घटते, आणि ते काम पातळ होतंय. ईशान्येत मिझोरामसारख्या राज्यात प्रौढांमधलं प्रमाण अडीच टक्क्यांच्या वर आहे, सुईनं घेतल्या जाणाऱ्या नशेचा त्यात मोठा वाटा. पंजाबचीही काळजी आहे. तिथे सुया बदलून देणं आणि पर्यायी औषध देणं हेच धोरण, आणि त्यालाही पोलिसांची साथ लागते.

नागपूरचं उदाहरण ऑगस्ट २०२१ चं. गंगा-जमुनाचे रस्ते पोलिसांनी बॅरिकेड लावून बंद केले. अल्पवयीन मुली आणि गुन्हेगारी ही कारणं दिली गेली, आणि अल्पवयीन मुली असतील तर त्यांना बाहेर काढलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आरोग्याच्या बाजूनं पाहा. वस्ती एका जागी असते तेव्हा पिअर दार ठोठावू शकते. बायका शहरभर भाड्याच्या खोल्यांत, लॉजवर, फोनवर विखुरल्या की लाइन लिस्टवर नाव राहतं, माणूस सापडत नाही. धंदा संपत नाही, नजरेआड होतो. १९८९ ची "वेगळं काढा" ही सवय आरोग्य खात्यानं सोडली, बाकीच्या सरकारनं पूर्ण सोडलेली नाही.

पुढचं धोरण कशावरून वळेल? मला वाटतं पुन्हा किमतीवरून. लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, प्रेप, तिच्या मार्गदर्शक सूचना नॅकोनं २०२२ मध्ये काढल्या, पण मोफत आणि सहज मिळण्याची पायरी दूर आहे. आता लेनाकापाव्हिर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचं औषध आलंय. भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आहे. डब्बी लपवायची गरज नसलेलं औषध, गंगा-जमुनासारख्या वस्त्यांतल्या बायकांसाठी आणि ट्रकवाल्यांसाठी. ते टीआयमधून मिळणार की फक्त खासगीत, हा पुढच्या टप्प्याचा खरा प्रश्न.

परीक्षेसाठी तक्ता पाठ करा. फील्डवर्कसाठी मात्र एखाद्या टीआयच्या आउटरीच वर्करबरोबर (वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीबरोबर) फिरा, आणि तिला दोन गोष्टी विचारा: लाइन लिस्टवरच्या किती बायका गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष भेटल्या, आणि ज्या भेटल्या नाहीत त्या कुठे गेल्या असं तिला वाटतं. मग एआरटी केंद्रात जाऊन विचारा, गोळी सोडून गेलेल्यांना शोधायला कोण जातं, आणि त्याला पेट्रोलचे पैसे मिळतात का.